पाहुण्याचा लाल किमोनो

काएई सनाचं तिसरं वर्ष. पहिला महिना, सहा तारीख

लिहायला बसले खरी. औषधाच्या पुड्यांचे कागद उरले होते, ते शिवून ही वही केली. तांदळाच्या पेटीमागे ठेवीन. सासूबाईंना वाचता येत नाही आणि ह्यांना, म्हणजे आमच्या वैद्यांना, तांदळाची पेटी घरात कुठे असते हेच ठाऊक नाही. तेव्हा वही सुखरूप राहील.

खालच्या आळीत पाहुणा आलाय. तीन घरांवर लाल कागद लागले. गावात त्या रोगाचं नाव कुणी तोंडानं घेत नाही. पाहुणा म्हणायचं, लाल भात वाढायचा, पोराला लाल कपडे घालायचे, आणि राहून झालं, जायला निघाला की गवताच्या चकतीवर बसवून चौकापर्यंत पोचवायचं. हे मात्र सरळ "देवी आल्यात" म्हणतात. सासूबाई कानांवर हात ठेवतात. "अरे गेनसेकी, नाव नको रे घेऊस! त्याला वाटेल बोलावणं आलं."

नुईला नव्या वर्षाबरोबर पाचवं लागलं. तिला अजून आल्या नाहीत. तिच्याआधीच्या माझ्या मुलाला याच पाहुण्यानं नेलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर पुढचं काही लिहून व्हायचं नाही.

आठ तारीख

हे कालपासून डोंगराकडच्या वाडीत रोग्याकडे गेलेत. बरं झालं.

फणीवाल्याच्या मुलीकडे गेल्या महिन्यात पाहुणा येऊन गेला तो इतका हलका, की अंगावर उणेपुरे अकरा फोड. आळीतल्या बायकांनी मोजले. तिचा लाल किमोनो आता घरोघर फिरतोय. हलक्या पाहुण्याचा कपडा ज्याच्या अंगाला लागतो, त्याच्याकडे पाहुणा हलक्या पावलानं येतो, हे काय मी सांगायला हवं? माझ्या आईनं माझ्यासाठी केलं होतं, म्हणून तर माझ्या गालावर दोनच वण आहेत. आधी किमोनो तोफूवाल्याच्या सुमीनं घातला. आज सासूबाई स्वतः बर्फातून जाऊन तो घेऊन आल्या, बाहीत चोरून आणावा तसा.

"गेनसेकी यायच्या आत आटप," म्हणाल्या. "त्याला परदेशी पुस्तकांपुढे आई दिसत नाही, तर आईचा देव काय दिसणार?"

नुईला घातला. आनंदानं गोल गोल फिरली. बाहीच्या आत खपलीचा एक वाळका तुकडा चिकटला होता, मी नखानं काढायला गेले तर सासूबाईंनी हातावर चापट मारली. "राहू दे ते! तेच तर पुण्य आहे." राहू दिलं.

माझ्या मुलाच्या वेळी असा कपडा मिळाला नव्हता. यावेळी तरी माझ्याकडून काही राहून गेलं नाही.

नऊ तारीख

हे आले ते उंबऱ्यावरूनच बोलत आले. खिंडीपलीकडच्या गढीच्या गावातून मित्राचं पत्र आलंय. तिथे लस पोचली. समुद्रावरून, डच लोकांच्या गलबतातून. गायीच्या फोडाची लस आहे म्हणे. एका पोराच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात टोचायची. सातव्या-आठव्या दिवशी फोड पिकतो, तेव्हाच तिसऱ्याला द्यायची, नाहीतर मरते. बाटलीत राहत नाही, बर्फात टिकत नाही. पोराच्या अंगातच आणावी लागते.

"मग पोर कुणाचं नेणार?" सासूबाईंनी विचारलं.

दुपारभर हे अकरा घरं फिरले. एका ठिकाणी म्हणाले शिंगं फुटतील, दुसऱ्या ठिकाणी म्हणाले पोर रात्री हंबरेल. सरदाराच्या वैद्यांनी तर चारचौघांत सांगितलं, "गेनसेकीचं डोकं फिरलंय, त्यालाच आधी टोचा." संध्याकाळी हे घरी आले आणि नुईकडे बघत बसले. मला कळलं.

मी किंचाळले. "एक देवानं नेलं, आता हिला तुम्ही न्या!" एवढी वर्षं संसार केला, असं कधी बोलले नव्हते. हे रागावले नाहीत. म्हणाले, "इसे, त्याच्या उशाशी मी बारा दिवस बसून होतो. वैद्य असून नुसता बसून होतो. आता परत तसं बसवणार नाही."

मीही बरोबर जाणार. किमोनो मी चटयांच्या ढिगाखाली लपवलाय. तेवढा एक धीर आहे. सुईनं काही बरंवाईट करायचं ठरवलंच, तर हलका पाहुणा आडवा येईल.

दहा तारीख

निघायच्या आधी किमोनो पुढच्या घरी द्यायला हवा होता. दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवून घेतला तर पाहुण्याला वाटतं आपल्याला कोंडलं.

शेजारच्या त्सुताकडे गेले. रंगाऱ्याची बायको ती, कोपरापर्यंत हात निळे. नुईच्या जन्माच्या वेळी तेच निळे हात माझ्या पाठीवरून रात्रभर फिरत होते. तिचा जिन्किची सहा वर्षांचा, आणि राकु अजून अंगावर पिते.

त्सुता का-कू करायला लागली. "नको गं इसेताई. आमच्या ह्यांना असलं आवडत नाही. आणि हा दुसऱ्याच्या कपड्यात राहायचा नाही."

"अगं वेडी की काय! आळीतल्या बायका रांग लावून उभ्या आहेत. तू शेजारची म्हणून आधी तुझ्याकडे आले, आणि तू नखरे कर!"

कपडा देणाऱ्या घरच्या बाईनं आपल्या हातानं घालून कमरेची गाठ मारायची, तरच गुण येतो. जिन्किचीनं आधी पळापळ केली, मग हात वर करून उभा राहिला. बाह्या त्याला आखूड झाल्या. "काकू, मी मुलीसारखा दिसतो!" म्हणाला. मी म्हटलं, "दिसलास तर दिसलास, लग्न थोडंच करायचंय आत्ता?" गाठ घट्ट मारली.

आता निघतोय. नुई ह्यांच्या पाठीवर आहे.

बारा तारीख

टोचलं.

एका सरदारी घरातली मुलगी समोर बसवली होती, नुईएवढीच. तिच्या दंडावर फोड होते, मोत्यासारखे, मधोमध खोलगट. इथल्या वैद्यांनी सुईच्या टोकावर त्यातलं पाणी घेतलं आणि नुईच्या दोन्ही दंडांवर तीन-तीन बारीक चिरा दिल्या. मी डोळे मिटले. ओरडणं ऐकू आलं ते वैद्याचं. नुईनं त्यांच्या बोटाला कडकडून चावा घेतला होता. हे माफी मागत राहिले. मला हसू आलं आणि मग रडू आवरेना.

त्या मुलीच्या आईनं मला विचारलं, "घाबरलात?"

"तुम्ही नव्हता घाबरला?"

"मी अजून घाबरलेलीच आहे," ती म्हणाली.

पंधरा तारीख

खिंडीवरच्या चहाच्या झोपडीत अडकलोय. कालपासून बर्फ. मालक दार उघडत नाही. हे बोटांवर दिवस मोजत फेऱ्या घालतात. एकोणीसला सरदाराच्या कारभाऱ्यांनी पायदळाच्या वस्तीतली सहा पोरं आणायचा हुकूम केलाय. त्या दिवशी फोड पिकलेला असणार, आणि तेव्हा आम्ही इथे बसून असलो तर सगळं वाया जाईल.

नुईचे दंड लाल झालेत, टम्म. ओझंवाला म्हातारा मला चिडवतो. "बाई, डोकं चाचपून बघितलंत का? शिंगं आधी मऊ असतात." सगळे हसले, मीही हसले. मग नुईचे केस विंचरायच्या निमित्तानं सगळं डोकं चाचपून बघितलं. दोनदा. वैद्याची बायको आहे म्हणून काय झालं?

सतरा तारीख

पोचलो. बुटांचं गवत कुजून पायाला चिकटलंय, पण पोचलो. दंडावरचे फोड हुबेहूब त्या मुलीसारखे. ह्यांचा चेहरा मी लग्नाच्या दिवशीही इतका फुललेला पाहिला नव्हता.

सासूबाईंनी मला चुलीपाशी ओढलं. "तोफूवाल्याच्या सुमीकडे पाहुणा उतरला. हलका नाही गं. सगळं अंग भरलंय, डोळा उघडत नाही. तिच्या आईनं किमोनो उलटा घातला असणार, दुसरं काय?"

मी ठिणगीसारखी तडतडले असते एरवी, उलटा कसा घालतील म्हणून. आज मी बोटांवर दिवस मोजायला लागले. सुमीनं घातला तो आमच्या आधी. तिला झाले बारा दिवस. मग आमची नुई. मग जिन्किची.

मी परत मोजलं. मग पुन्हा मोजलं.

अठरा तारीख

आज सांगेन म्हटलं. नाही सांगितलं.

हे सुया घासत होते, गुणगुणत होते. उद्या सहा पोरं यायची. मला वैद्यकी कळत नाही, पण एवढं कळतं की नुईच्या अंगात दोघं असतील, गायीचा एक आणि तो दुसरा, तर सुईला काय कळणार कुठल्याचं पाणी उचलायचं? सुईला डोळे आहेत?

सासूबाई म्हणतात, "तोंड शिवून बस. नुई ठणठणीत आहे. आणि त्याला कळलं तर तो तुला माहेरी पाठवील आणि मला थडग्यात."

एकोणीस तारीख

सकाळी पोरं आली. सहा नाही, चार. आया त्यांच्या पाठीमागे भिंतीला टेकून उभ्या, फाशी बघायला आणल्यासारख्या. कारभाऱ्यांचा कारकून कागद घेऊन कोपऱ्यात. ह्यांनी नुईची बाही वर सरकवली, फोडाला सुई लावली, टोकावर थेंब आला. पहिला मुलगा तीन वर्षांचा होता. माझ्या मुलासारखा त्याचा एक कान पुढे होता.

"अहो," मी म्हटलं. "चुलीपाशी या जरा."

"आत्ता?"

"आत्ताच."

सांगितलं. किमोनो, तारखा, बाहीतली खपली, सगळं. ह्यांच्या हातात सुई तशीच होती. तिच्या टोकावरचा थेंब वाळताना मला दिसत होता.

"आठ तारखेला घातला. बाराला टोचलं," हे स्वतःशीच म्हणाले. मग एवढंच विचारलं, "किमोनो आता कुठे आहे?"

"त्सुताकडे. दहापासून. मीच दिला."

मला वाटलं हे मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं, "लस अजून पिकली नाही. आज होणार नाही. चूक माझी आहे." कारकुनानं ते लिहून घेतलं. एक बाई हसली, "गाय आटली वाटतं!" पोरांना घेऊन सगळ्या भराभर निघून गेल्या.

मग हे तसेच शेजारी गेले. जिन्किचीला त्यांनी नुईच्या दंडातलं टोचलं. त्याला किमोनो लागलेलाच आहे, गमावण्यासारखं काही नाही, लागली तर लस लागेल. पण नऊ दिवस झालेत. उशीर झालाय की नाही, हे ह्यांनाही माहीत नाही. रंगारी नको म्हणत होता, त्सुताच म्हणाली, "वैद्य म्हणतात ना, मग टोचू दे." आणि ह्यांनी तो किमोनो मागून घेतला आणि मागच्या अंगणात जाळला.

त्सुता कुंपणावरून बघत होती. "इसेताई, पाहुण्याचा कपडा कुणी जाळतं का गं? तो रागावेल ना!"

मी वळून आत आले.

बावीस तारीख

जिन्किचीला ताप चढलाय.

राकुला त्सुतानं लगेच माहेरी पाठवलं, भावजय अंगावर पाजते आहे म्हणून बरं. ते ह्यांनीच सुचवलं. बाकी आमचं ऐकायला तिथे कुणी तयार नाही.

नुईला मी दिवसातून वीस वेळा बघते. कपाळ, तळवे, जिभेखाली. ती कंटाळून म्हणते, "आई, मी काय मासा आहे का, सारखी उलटून बघतेस?" ताप नाही. दंडावरचे फोड वाळायला लागलेत.

हे म्हणाले, आता एकच वाट आहे. पाणी गेलं, पण खपली पडेल. लस खपलीतही काही दिवस जगते, असं पुस्तकात आहे. मात्र तोवर नुईच्या अंगावर दुसरा एकही फोड उठता कामा नये. उठला तर लसही गेली आणि...

पंचवीस तारीख

जिन्किचीचं अंग काळं पडलंय. फोड वर येतच नाहीत, आतल्या आत. अंगातून रक्त जातंय. भिंतीपलीकडून तो "काकू, घट्ट झालं, सोड" असं बडबडतो. त्सुताला वाटतं तिच्या जावेला हाक मारतोय. मला माहीत आहे तो कुणाला हाक मारतोय.

गावात एकच बोलणं आहे. "चांगलं खेळतं पोर, वैद्यानं गायीचं पाणी घातलं आणि तिसऱ्या दिवशी आडवं झालं." सकाळी दाराच्या कागदातून दगड आत आला. नुईच्या ताटाशेजारी पडला. हे कागद चिकटवत बसले.

दुपारी कारभाऱ्यांकडून हुकूम आला. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत गावातलं एकही घर आपणहून पोर घेऊन आलं नाही, तर ह्यांच्या औषधाच्या पेटीवर शिक्का, आणि पुन्हा या गावात सुई लावायची नाही. खाली सरदाराच्या वैद्यांचा ठसा होता.

"तुम्ही सांगत का नाही?" मी विचारलं. "सुईनं नाही, किमोनोनं झालं म्हणून?"

"किमोनो कुणी दिला, हे पुढच्याच श्वासात विचारतील."

"मग?"

"मग तुला इथे जगू देतील का, इसे?"

म्हणजे ते माझ्यासाठी दगड खाताहेत. आणि मी खाऊ देतेय.

अठ्ठावीस तारीख

हे नुईला उजेडात नागडी उभी करून टाळूपासून टाचेपर्यंत बघत होते. किमोनो घातल्याला आज वीस दिवस झाले. देवी यायच्या असत्या तर आतापर्यंत आल्या असत्या, म्हणाले. एक ठिपका नाही. हे हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी तोंड नुईच्या पोटात लपवलं.

तोफूवाल्याची सुमी काल गेली. एकच कपडा, त्याच बाह्या. सुमी गेली आणि नुईवर ठिपका नाही. मधे फरक काय तो एका सुईचा. सासूबाई म्हणतात आपल्या पूर्वजांची पुण्याई. असेल. मी आता काही म्हणत नाही.

मला आनंद झालाय, तो कुठे ठेवू तेच कळत नाही. भिंतीपलीकडे सगळं ऐकू जातं. मी नुईच्या तोंडावर हात ठेवून तिला सांगितलं, हसायचं असेल तर पांघरुणात हस.

एकोणतीस तारीख

आज पहाटे जिन्किची गेला.

दुसरा महिना, एक तारीख

हे सांत्वनाला गेले. मी नको म्हणत होते. रंगाऱ्यानं दारातच निळीचं भांडं त्यांच्या तोंडावर ओतलं. तसेच रस्त्यानं चालत घरी आले, लोक दुतर्फा उभे. मी ऊन पाण्यानं पुसत होते, पण निळीचा रंग तो, असा थोडाच जातो?

"त्सुता दिसली?" मी विचारलं.

"भिंतीकडे तोंड करून बसली होती."

मी तिच्यासमोर अजून गेले नाही. त्या पोराच्या मयतालाही मागच्या मागे उभी राहिले. मला भीती वाटते. दगडाची नाही. ती माझ्याकडे बघेल आणि तिला कळेल, याची.

दोन तारीख

नुईच्या उजव्या दंडावरची खपली आज पडली. काळसर, घेवड्याच्या सालीएवढी. ह्यांनी ती कागदात घडी करून डबीत ठेवली. बारीक करून कोमट पाण्यात खलून टोचायची. चार-पाच दिवस टिकेल, म्हणाले. त्याहून जास्त सांगता येत नाही.

एवढ्याशा खपलीसाठी एवढं सगळं. आणि एवढ्याशाच खपलीपायी तेही सगळं. बाहीतली ती मी काढून फेकली असती तर?

तीन तारीख

गेले.

रंगारी मागे निळीच्या कुंडांपाशी होता. त्सुता एकटी बसली होती, जिन्किचीचे कपडे घड्या करत. एक घडी मोडायची, परत घालायची. मी उंबऱ्याबाहेर बर्फात गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं आणि वर न बघता बोलत सुटले. किमोनोत रोग होता. खपली मी पाहिली होती, काढली नाही. सुमीचं कळल्यावर दोन दिवस मी तुला सांगितलं नाही. ह्यांनी टोचलं ते वाचवायला, पण उशीर झाला होता. उशीर माझ्यामुळे झाला.

मग तिचा आवाज आला, अगदी साधा, बाजारात भाव विचारावा तसा.

"सुमीला टोचलं होतं?"

"नाही."

"नुईनं घातला होता तो?"

"दोन दिवस. अंगातून काढायलाच तयार नव्हती."

"तिला किती फोड आले?"

"एकही नाही," मी म्हटलं.

कपड्याची घडी घालण्याचा आवाज आला.

"जा इथून," त्सुता म्हणाली.

चार तारीख

कुणी आलं नाही. सासूबाईंनी माझं तोंड पाहायचं नाही असं ठरवलंय, पण जेवायला मात्र मीच वाढलेलं चालतं. "सांगून काय मिळवलंस?" भिंतीला विचारावं तसं विचारत होत्या. "उद्या पेटीवर शिक्का, परवा घरावर."

त्सुतानं अजून आळीत कुणाला सांगितलेलं दिसत नाही. दारावर पाऊल वाजलं की मला वाटतं, आले. नुईला कुठे पाठवता येईल याचा विचार करतेय. खिंडीपलीकडची ती बाई ठेवून घेईल का?

पाच तारीख

हे शेवटचं पान असेल कदाचित. जसं झालं तसं लिहिते.

सकाळपासून कारकून मेण आणि शिक्का घेऊन ओसरीत बसला होता. सरदाराचे वैद्य स्वतः आले होते, शेगडीवर हात शेकत. अंगणात आळीतल्या बायका गोळा झालेल्या, तमाशाच तो. ह्यांनी खपली खलून ठेवली होती. कपाळावर केसांच्या कडेला निळा डाग तसाच होता. दुपार झाली. कारकून म्हणाला, "चला, कुणी येत नाही," आणि मेण तापवायला घेतलं.

तेवढ्यात बायका बाजूला झाल्या. त्सुता आली. बर्फातून माहेरून चालत आलेली, गुडघ्यापर्यंत भिजलेली. पाठीवर राकु.

"अगं बाई, शुद्धीवर आहेस का?" एक म्हातारी ओरडली. "एक पोर ह्याच सुईनं खाल्लं ना तुझं?"

"सुईनं नाही खाल्लं," त्सुता म्हणाली. "तोफूवाल्याच्या पोरीला कुठे टोचलं होतं? ती का गेली मग? कपड्यानं खाल्लं. आणि तो कपडा माझ्या घरी आणला तो हिनं." तिनं माझ्याकडे बोट केलं. सगळं अंगण माझ्याकडे वळलं. मला वाटलं आता जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. "हिच्या पोरीनंही तोच घातला होता. बघा तिच्याकडे. डोळे फुटलेत का सगळ्यांचे? बघा!"

नुई ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. तिनं सगळ्यांना जीभ काढून दाखवली.

सरदाराचे वैद्य काहीतरी बोलायला उठले, पण कारकून म्हणाला, "आपणहून आलंय, हुकुमात तसंच आहे," आणि त्यानं मेण खाली ठेवलं.

त्सुतानं राकुला पाठीवरून सोडवलं आणि माझ्यासमोर बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. मला वाटत होतं त्याहून वाईट होतं ते.

"गाठ तुझ्या हातानं मारलीस," ती म्हणाली. "आता हिचा हात तू धर."

मी धरला. राकुचा दंड माझ्या दोन बोटांत मावला. मी दोनदा पकड बदलली, हे दोनदा थांबले. तिसऱ्यांदा ह्यांनी चिरा दिल्या, तीन, मग दुसऱ्या दंडावर तीन. राकुनं टाहो फोडला. त्सुता हलली नाही.

टोचून झालं. थंडी होती, पोर उघडं होतं. मी तिच्या अंगरख्याच्या बाह्या खाली ओढल्या, कडा जुळवल्या आणि कमरेची नाडी हातात घेतली.

"राहू दे," त्सुता म्हणाली. "ती मी बांधीन."